उद्यमबागेतला ओपनस्टॅक

२०२५ च्या जूनमध्ये एका शुक्रवारी पहाटे पावणेपाचला आमच्या इलेक्ट्रिशियनचा फोन आला. तो बैलहोंगलकडचा. घरी कन्नड, कारखान्यात दोन्ही, पण घाबरला की मराठी विसरतो. "सर, करंट होत्री," एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला. बेळगावच्या पावसाळ्यात करंट जाणं ही काही बातमी नव्हे. पण त्या रात्री यूपीएसची बॅटरी संपली तरी जनरेटर चालू झाला नाही, आणि तिन्ही सर्व्हर एकाच क्षणी आडवे झाले. मी रेनकोट चढवून, तिसऱ्या रेल्वे गेटच्या बाजूने उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात, पोचलो तेव्हा करंट परत आलेला होता. दिवे लागलेले, रॅकमधले पंखे घोंघावत होते. आमचा ओपनस्टॅक, म्हणजे कारखान्यातल्याच सर्व्हरवर उभारलेला आमचा क्लाउड, तेवढा उठायला तयार नव्हता.

त्या सकाळकडे येतोच. आधी हे लचांड आमच्या गळ्यात कसं पडलं ते सांगतो.

आमचा कारखाना कास्टिंग आणि मशिनिंगचा. गिऱ्हाइकांची ड्रॉइंग बाहेरच्या कुणाच्या सर्व्हरवर ठेवायची नाहीत असं ऑर्डरच्या कागदातच लिहिलेलं असतं. म्हणून सगळं आतच: ड्रॉइंग, कास्टिंगचं सिम्युलेशन, अकौंटची टॅली, तपासणीच्या नोंदी. २०२४ पर्यंत हे विकतच्या व्हर्च्युअलायझेशन सॉफ्टवेअरवर, म्हणजे एका सर्व्हरमध्ये अनेक आभासी संगणक चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, चालायचं. त्या वर्षी लायसन्सच्या नूतनीकरणाचं कोटेशन आलं. मालकांनी ते चष्मा लावून एकदा वाचलं, चष्मा काढून एकदा वाचलं आणि म्हणाले, "एवढ्यात सेकंडहँड व्हीएमसी येतंय की रे." व्हीएमसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन.

मालकांचा भाचा बेंगळुरूला एका मोठ्या कंपनीत. गणपतीला आला होता. आरती झाल्यावर मोदक खाता खाता म्हणाला, "मामा, ओपनस्टॅक टाका. फुकट आहे." मी प्रॉक्समॉक्सचं, त्याच कामाच्या दुसऱ्या एका सॉफ्टवेअरचं, नाव काढून पाहिलं, नाही असं नाही. पण भाचा बेंगळुरूचा आणि मी बेळगावातल्या अनगोळचा.

दिवाळीनंतर बसवायला घेतलं. भाचा म्हणाला ते खोटं नव्हतं. अपाचे परवान्याखाली सगळा कोड उघडा आहे, लायसन्सचा पैसाही लागत नाही. पण ओपनस्टॅकचा जन्मच मोठ्या घरातला. २०१० मध्ये रॅकस्पेस ही होस्टिंग कंपनी आणि अमेरिकेची नासा यांनी आपापला कोड एकत्र करून तो सुरू केला. सर्न, म्हणजे जिनिव्हाजवळची ती कणांची टक्कर लावणारी प्रयोगशाळा, २०१३ पासून त्यावर आपला क्लाउड चालवते आणि तिथले प्रोसेसरचे कोअर तीन लाखांच्या वर गेलेले आहेत. आमच्याकडे तिन्ही सर्व्हर मिळून ९६. हत्तीसाठी शिवलेली झूल शेळीवर टाकली की शेळी दिसेनाशी होते, तसं आमचं झालं.

पहिला धक्का नावांचा. व्हीएम, म्हणजे आभासी संगणक, चालवतो तो नोव्हा, नेटवर्क बघतो तो न्यूट्रॉन, डिस्क देतो तो सिंडर, इमेज ठेवतो तो ग्लान्स, ओळख पटवतो तो कीस्टोन, आणि समोर दिसणारा डॅशबोर्ड तो होरायझन. बारशाला जमलेल्या आत्यांनी आपापल्या पसंतीचं नाव कानात सांगावं, तसा प्रकार. नावावरून काम कळत नाही. त्यांच्या पोटात पुन्हा मारियाडीबी हा डेटाबेस, सेवांचे निरोप पोचवणारं रॅबिटएमक्यू, आणि मेमकॅश्ड. हे सगळं डॉकरच्या डब्यांमध्ये भरून कोल्ला-अ‍ॅन्सिबल तीन सर्व्हरवर मांडून देतं. ते काम त्याने चोख केलं, त्याला नावं ठेवणार नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोजले तर एकेका सर्व्हरवर चाळीसच्या वर डबे चालू होते, आणि त्यात आमच्या कामाचा एकही नव्हता.

दुसरा धक्का मालकांना बसला. साठवणीसाठी सेफ (Ceph) नावाचं सॉफ्टवेअर घेतलं होतं, सगळ्या सर्व्हरच्या डिस्क ते एकत्र वापरतं. प्रत्येक सर्व्हरमध्ये २ टीबीच्या चार डिस्क, एकूण २४ टीबी. सेफ प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती ठेवतं, म्हणजे वापरायला ८. त्यातही ८५ टक्के भरलं की ते पिवळं होऊन ओरडायला लागतं. शिवाय प्रत्येक डिस्कमागे सुमारे ४ जीबी रॅम सेफ स्वतःकडे घेतं, ते वेगळंच. हे सगळं मी कागदावर मांडून दाखवलं. मालक म्हणाले, "चोवीसाचे आठ? बाकीचं काय उंदरांनी खाल्लं?" तीन प्रती का लागतात ते मी समजावलं. "बरं बरं," म्हणाले, पण पुढचे दोन महिने मला बघितलं की "आठ" म्हणायचे.

इथवरच्या गोष्टींना मी ओपनस्टॅकचा दोष म्हणत नाही. मोठं यंत्र मोठी जागा अडवतं. खरं दुखणं कळलं ते पहिली व्हीएम अडली तेव्हा.

डिझाइनच्या पोराला सिम्युलेशनसाठी जोरकस व्हीएम हवी होती. ओपनस्टॅकमध्ये व्हीएमच्या मापाला फ्लेवर म्हणतात. आइस्क्रीम आठवतं, पण असो. मी एक फ्लेवर बनवला: ८ सीपीयू, ३२ जीबी रॅम. कुठल्याशा मार्गदर्शिकेत वाचलं होतं की जड गणितासाठी सीपीयू राखीव द्यावेत, म्हणून तीही खूण केली. व्हीएम चालू करायला गेलो तर लाल अक्षरांत एक ओळ: 'नो व्हॅलिड होस्ट वॉज फाउंड.' योग्य यजमान सापडला नाही. बस, एवढंच.

का सापडला नाही? रॅम कमी? सर्व्हर रिकामे होते. डिस्क? पडून होती. नेटवर्क? दुसऱ्या व्हीएम त्याच नेटवर्कवर मजेत चालू होत्या. व्हीएमसाठी सर्व्हर निवडणाऱ्या शेड्यूलरचा लॉग उघडला. तिथे लिहिलेलं की प्लेसमेंटकडून, म्हणजे कुठल्या सर्व्हरवर काय शिल्लक आहे याचा हिशोब ठेवणाऱ्या सेवेकडून, एकही जागा सुचवली गेली नाही, साधनं अपुरी असतील किंवा सर्व्हर नुकतेच चालू होत असल्याने तात्पुरतंही असेल. म्हणजे डॉक्टरने नाडी बघून सांगावं की आजार असेल किंवा नसेलही. तीन दिवस मी त्या ओळीभोवती फिरत होतो. डिझाइनचा पोरगा दर तासाला दारात येऊन उभा राहायचा, काही बोलायचा नाही. त्याचं ते न बोलणं जास्त लागायचं.

चौथ्या दिवशी प्लेसमेंटला थेट विचारलं, या सर्व्हरकडे काय काय आहे ते दाखव. व्हीसीपीयूची, म्हणजे वाटून वापरायच्या सीपीयूची, ओळ होती, रॅमची होती, डिस्कची होती. पीसीपीयू, म्हणजे राखीव सीपीयू, या नावाची ओळच नव्हती. राखीव सीपीयू मागायचे तर आधी प्रत्येक सर्व्हरवर काही कोअर त्यासाठी वेगळे काढून नोव्हाला सांगावे लागतात, आणि ते मी केलं नव्हतं. चूक माझी, मान्य. मग उत्सुकता म्हणून डीबग चालू करून तीच व्हीएम परत मागितली. प्लेसमेंटच्या लॉगमध्ये अगदी स्वच्छ दिसत होतं की यादी पीसीपीयूच्या मागणीपाशी रिकामी झाली.

मला राग आला तो इथे. त्याला माहीत होतं! ज्या सेवेला कारण ठाऊक आहे ती शेजारच्या सेवेला फक्त 'नाही' सांगते. शेजारची तेवढंच पुढे ढकलते, आणि डॅशबोर्डपर्यंत येता येता त्या 'नाही'चं सगळं मांस झडलेलं असतं. भाच्याला फोन केला तर तो म्हणाला, बाहेरच्या गिऱ्हाइकाला आतल्या सर्व्हरची माहिती दिसू नये म्हणून असं ठेवलेलं असतं. पटलं. पण मी बाहेरचं गिऱ्हाईक नव्हे, अ‍ॅडमिन म्हणून आत बसलोय. मला तरी सांगा की, ८ राखीव सीपीयू मागितले, तिन्ही सर्व्हरवर शून्य आहेत. एवढं एक वाक्य असतं तर माझे तीन दिवस वाचले असते. नवं काही शोधायचं नाही त्यासाठी, आहे ती माहिती वरपर्यंत पोचवायची आहे. होरायझन तर काही बिनसलं की सरळ लिहितं, काहीतरी चुकलं, पान पुन्हा उघडून बघा, नाहीतर आपल्या स्थानिक प्रशासकाशी संपर्क साधा. स्थानिक प्रशासक मीच. मी कुणाशी संपर्क साधू?

असाच एक आठवडा विंडोजच्या व्हीएमने खाल्ला. पिंग जायचा, छोट्या फाइली जायच्या, ४० एमबीचं ड्रॉइंग अर्ध्यात लटकायचं. कारण निघालं ५० बाइटचं. व्हीएक्सलॅनमध्ये, म्हणजे व्हीएमच्या आतल्या आभासी नेटवर्कमध्ये, प्रत्येक पॅकेटवर एक पाकीट चढतं, त्याला ५० बाइट लागतात. म्हणून आतल्या नेटवर्कला १५०० ऐवजी १४५० चं माप धरावं लागतं. लिनक्सच्या व्हीएम ते माप नेटवर्कची माहिती वाटणाऱ्या डीएचसीपीकडून निमूट घेतात, आमची विंडोज १५०० वरच अडून बसली होती. मोठी पॅकेट वाटेत गुपचूप टाकली जात होती. माप हाताने बदललं आणि विषय संपला.

डोंगलचा विषय मात्र संपला नाही. सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स यूएसबी डोंगलमध्ये, म्हणजे पेनड्राइव्हसारख्या किल्लीत, असतं. उद्यमबागेत कुठल्याही डिझाइन ऑफिसात जा, टेबलाच्या ड्रॉवरमध्ये दोरा बांधून ठेवलेला डोंगल सापडेल, कारण हरवला तर नवा घ्यायला पोटात गोळा येतो. प्रॉक्समॉक्समध्ये असा डोंगल व्हीएमला जोडणं म्हणजे दोन क्लिकचं काम. नोव्हामध्ये यूएसबी जोडायची सोयच नाही. पीसीआय कार्ड देता येतं, महागडं जीपीयू देता येतं, बोटाएवढा डोंगल देता येत नाही. ज्यांनी हे बांधलं त्यांच्या डोळ्यांसमोर हजारो एकसारखे सर्व्हर होते. त्यांतल्या एखाद्याला मागे कुणीतरी डोंगल खुपसलाय ही कल्पनाच त्यांच्या जगात बसत नाही. हजार सर्व्हरवाल्याचं ते बरोबरही आहे, कारण व्हीएम आज इथे, उद्या तिथे, डोंगल तिच्यामागे धावणार कसा? शेवटी एका जुन्या पीसीला डोंगल लावला, तो लायसन्स सर्व्हर म्हणून ठेवला आणि सिम्युलेशन त्याला नेटवर्कवरून विचारतं. आमच्या प्रायव्हेट क्लाउडचा प्राण असा एका अकरा वर्षांच्या पीसीत, पोपटात राक्षसाचा असावा तसा.

आता ती शुक्रवारची सकाळ.

सेफ आपोआप उठलं होतं. दहा-पंधरा मिनिटं कुरकुरलं आणि हिरवं झालं. त्याचं कौतुक करायला हवं, वीज गेल्यावर सगळ्यात शहाण्यासारखं तेच वागलं. होरायझनचं लॉगिनचं पान येत होतं, पण पासवर्ड टाकला की ओळख पटवताना चूक झाली, नंतर प्रयत्न करा. म्हणजे कीस्टोन मेलेला. कीस्टोन का मेला, तर डेटाबेस नाही. डेटाबेस तीन सर्व्हरवर गॅलेरा क्लस्टर म्हणून, म्हणजे एकच माहिती तिन्हीकडे ठेवत, चालतो, आणि तिन्ही ठिकाणचा डबा चालू होऊन पडत होता, पुन्हा चालू होऊन पुन्हा पडत होता.

गॅलेराची एक छोटी फाइल असते, ग्रास्टेट नावाची. चारपाच ओळींची. व्यवस्थित बंद झालेल्या क्लस्टरमध्ये जो सर्व्हर सगळ्यात शेवटी बंद झाला त्याच्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं की माझ्यापासून सुरुवात केली तर चालेल, १. इथे तिन्ही एकदम मेले होते. तिन्ही फाइलींत ० आणि व्यवहाराच्या क्रमांकाच्या जागी उणे १. लग्नघरात पंगत बसलीय आणि तिघे मानकरी एकमेकांना "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करतायत, कुणीच घास घेत नाही, तसं. त्यात गॅलेराचं चुकत नाही. चुकीच्या सर्व्हरपासून सुरुवात केली तर शेवटचे व्यवहार पुसले जातील, म्हणून ते माणसाची वाट बघतं. माणूस म्हणजे ओल्या रेनकोटातला मी.

प्रत्येक सर्व्हरवर हाताने शेवटचा क्रमांक काढून बघितला. दोघांचा सारखा, एकाचा थोडा मागे. पुढच्या दोघांतला एक निवडला, फाइलमध्ये शून्याचा एक केला, आणि एंटर मारण्याआधी एकदा देव आठवला. उठलं. दुसरे दोघे त्याच्या मागून येऊन बसले. साडेसात वाजले होते, पहिल्या पाळीची माणसं डबे घेऊन आत येत होती. नंतर कळलं की कोल्ला-अ‍ॅन्सिबलमध्ये हेच सगळं करणारा एक तयार आदेश आहे. क्रमांक तोच काढतो, पुढचा सर्व्हर तोच निवडतो. पण तो मदतीच्या पानात मारियाडीबीच्या खाली आहे. 'वीज गेली तर' असं शोधणाऱ्याला तो सापडत नाही, मारियाडीबी मेलीय हे आधीच ठाऊक असणाऱ्याला सापडतो.

मग रॅबिटएमक्यू. हे चालू होताना आपल्या सोबत्यांची वाट बघतं, ३० सेकंदांची एक अशी दहा वेळा, आणि नाही आले तर बंद पडतं. तेही एकेक करून उठवलं. नऊ वाजता होरायझन उघडलं. आत ३१ व्हीएम, सगळ्यांपुढे 'शटऑफ'. सर्व्हर पुन्हा चालू झाला की त्यावरच्या व्हीएम आपोआप चालू करायची एक ओळ नोव्हाच्या सेटिंगमध्ये आहे आणि ती मुळात बंद असते. मोठ्या क्लाउडमध्ये व्हीएमचा मालक वेगळा, तो आपलं बघून घेईल असा हिशोब. आमच्याकडे टॅलीच्या व्हीएमचे मालक म्हणजे अकौंटचे अण्णा. दहाच्या ठोक्याला ते खुर्चीत बसले, स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाले, "जुन्या सिस्टमला असं कदी झालं नव्हतं हं." खरं होतं. जुनी सिस्टम करंट आला की पाच मिनिटांत गपचूप चालू व्हायची.

म्हणून मला कुणी विचारलं की ओपनस्टॅकमध्ये एकच सुधारणा करायची तर कुठली, तर मी म्हणेन थंड अवस्थेतून उठायची. सगळं एकदम मेलं असं धरून एक आदेश हवा. त्याने सेफ, डेटाबेस, रॅबिट, मग बाकीचे या क्रमाने एकेकाची तब्येत बघावी, जिथे माणसाचा निर्णय लागतो तिथे थांबून दोन वाक्यांत विचारावं, आणि शेवटी व्हीएम उठवाव्यात. सगळे तुकडे आज आहेत, फक्त वेगवेगळ्या खोल्यांत आहेत. मोठ्या डेटासेंटरमध्ये वीज सहसा जातच नाही, त्यामुळे त्या खोल्यांमध्ये दार पाडायची कुणाला घाई नाही. आमच्या खानापूर रोडला आहे.

मग अजून का ठेवलंय? एक तर एवढं शिकल्यावर टाकवत नाही, हे कबूल करतो. दुसरं, डिसेंबरमध्ये एका सर्व्हरची रॅम खराब व्हायला लागली तेव्हा त्यावर चौदा तासांचं सिम्युलेशन चालू होतं, नऊ तास झालेले. लाइव्ह मायग्रेशन केलं. डिस्क सेफवर असल्यामुळे हलवायची ती फक्त मेमरी. चालती व्हीएम दुसऱ्या सर्व्हरवर गेली. डिझाइनचा पोरगा शेजारी बसून टक्क्यांचा आकडा बघत होता, तो आकडा थांबला नाही. रॅम बदलली, सर्व्हर परत लावला. त्या दिवशी पोराने मला स्वतःच्या पैशाने कुंदा आणून दिला. तिसरं कारण गिऱ्हाइकांचं. प्रत्येकाची ड्रॉइंग वेगळ्या प्रोजेक्टमध्ये, वेगळ्या नेटवर्कवर आहेत, ऑडिटला आलेल्या माणसाला ते दाखवलं की तो पुढचा प्रश्न विचारत नाही.

पण छाटणी केली. ऑर्केस्ट्रेशनचा हीट काढून टाकला, मोजमापाच्या सेवा काढल्या, लोड बॅलन्सर काढला. आमच्याकडे ते कुणी वापरत नव्हतं, भाच्याच्या यादीत होते म्हणून बसवले होते. मदतीच्या पानांत कुठेतरी सरळ लिहिलेलं हवं की तीन सर्व्हर आणि दीड माणूस असेल तर एवढंच बसवा. अर्धा माणूस म्हणजे इलेक्ट्रिशियन. आता शोधायला जावं तर २०१८ च्या क्वीन्स आवृत्तीची पानं समोर येतात, त्यातला निम्मा भाग आज लागू नाही, आणि कुठला निम्मा ते करून बघितल्यावर कळतं.

आवृत्त्यांच्या बाबतीत मात्र सुधारणा झालीय. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते, पूर्वी एकेक पायरी चढावी लागायची. २०२३ च्या अँटिलोपपासून एक सोडून एक अशी उडी मारायची अधिकृत सोय झाली. आम्ही कॅरॅकलवरून थेट एपॉक्सीवर गेलो, मधली डाल्मेशन गाळली. तरी रॅबिटएमक्यूला उडी चालत नाही, त्याला मधल्या पायरीवर पाय ठेवूनच यावं लागतं. हे आधी वाचलं होतं म्हणून शनिवार-रविवारात निभावलं. सोमवारी कुणालाच काही कळलं नाही.

जनरेटरची दुरुस्ती झाली. यूपीएसची केबल सर्व्हरला जोडली, बॅटरी उतरायला लागली की सर्व्हर क्रमाने नीट बंद होतात. व्हीएम आपोआप चालू करायची ती ओळ चालू केली. आणि उठवण्याचा क्रम एका कागदावर लिहून रॅकच्या दाराला आतून चिकटवला. मराठीत मी लिहिला, त्याखाली इलेक्ट्रिशियनने स्वतःच्या अक्षरात कन्नडमध्ये उतरवून घेतला. कुठलं बटण आधी, किती मिनिटं थांबायचं, कुठला दिवा हिरवा झाला की कुठली स्क्रिप्ट चालवायची.

ऑक्टोबरात परतीच्या पावसात पुन्हा रात्री वीज गेली, जनरेटरने पुन्हा वेळ काढला. मी निपाणीला लग्नाला गेलो होतो. सकाळी सात वाजता फोन वाजला, पोटात धस्स झालं.

"सर," तो म्हणाला, "टॅली बंत्री."

आली म्हणे.